लिहिलंय की तिथं!

निलंग्यात कुठल्याही खिडकीशी, काउंटरशी काही विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं : "लिहिलंय की तिथं." तिथं म्हणजे भिंतीवर, पावतीच्या पाठीमागं, खोक्यातल्या घडीच्या कागदावर, फलकाच्या तळाशी. लिहिलेलं असतं, ते मी नाकारत नाही. ते वाचता येत नाही, एवढीच माझी तक्रार आहे. आणि वाचता आलं नाही की दोष वाचणाऱ्यावर येतो. चष्मा घालून या. शिकलेलं पोरगं संगं आणा. जरा नीट बघा की.

मी शाळेत मराठी शिकवली. निवृत्त झाल्यापासून गल्लीतले आणि आसपासच्या गावांतले लोक कागद घेऊन घरी येतात. औराद शहाजानी, कासार शिरसी, पानचिंचोली, कुठून कुठून. "सर, बघा बरं जरा, काय म्हणतंय हे." हे लोक निरक्षर नाहीत. त्यांतले कितीतरी जण ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसतात. शके १२१२ मधली मराठी जो माणूस तास-तासभर सलग वाचतो, त्याला यंदाच्या पीक विम्याचा कागद वाचता येत नसेल, तर खोट त्या माणसात शोधायची नाही. पारायणाची प्रत उघडून बघा. अक्षर ठसठशीत, ओळीओळीत जागा, ओवी संपली की आकडा, अध्याय कुठं संपला ते लांबूनही कळतं. छापणाऱ्याला ठाऊक असतं की वाचणारा साठीच्या पुढचा आहे, मांडी घालून बसणार आहे आणि ग्रंथ समोर चौरंगावर हातभर लांब राहणार आहे. विम्याचा कागद छापणाऱ्याच्या डोळ्यांपुढं असा कुणीही माणूस नसतो.

लग्नपत्रिकेचं घ्या. मरून रंगाचा जाड कागद, त्यावर सोनेरी शाई, आणि अक्षराला वेलबुट्टीची वळणं. दिव्याखाली धरली तर चमकते, तिरपी धरली तर पुसट होते. वधूवरांची नावं मोठी, ते ठीक. त्याखाली निमंत्रक, व्यवस्थापक, स्नेहांकित, समस्त अमुक परिवार, आणि शेवटी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी, अजून बोलताही न येणारी मुलं. मराठवाड्यातल्या पत्रिकेत सगळी भावकी बसवावी लागते आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. ज्याचा मान त्याला मिळालाच पाहिजे. पण लग्न कुठं आणि किती वाजता, हे त्या गर्दीत हुडकावं लागतं. उन्हाळ्यात एका तिथीला चार-चार लग्नं असतात. माणूस पत्रिका दुसऱ्यांदा उघडतो ती फक्त तेवढ्यासाठी, आणि तीही भर दुपारी फाट्यावर मोटारसायकल उभी करून. पत्रिका पसंत करताना मात्र ती उन्हात नेऊन कुणी बघत नाही. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघतात.

बसच्या पाटीचंही तसंच झालं. पूर्वी गाडीच्या कपाळावर हातानं रंगवलेली पत्र्याची पाटी असायची. गाडी वळणावर दिसली की म्हातारं माणूसही ओळखायचं, उदगीर का उमरगा. आता नव्या गाड्यांच्या कपाळावर दिव्यांची अक्षरं धावतात. गावाचं नाव एका बाजूनं येतं, दुसऱ्या बाजूला निघून जातं, मग 'मार्गे' येतं, मग तेच सगळं इंग्रजीत येतं. ठिपक्यांच्या जाळीत वेलांट्या मोडतात, जोडाक्षरं गळतात. आपल्या गावाचं नाव परत यायच्या आत गाडीचं दार लागलेलं असतं. पळत जाऊन विचारावं, तर हात वर करून दाखवतात. लिहिलंय की वर.

गावातलं सगळ्यात चांगलं, वाचायला सोपं लेखन कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी निलंगा राईसचा गाडा दाखवीन. हळदीचा पिवळाधमक भात, गावाच्या नावानंच ओळखला जातो, लातूरलाही मिळतो. गाड्यावर दोन शब्द, खाली हाफ आणि फुल, पुढं दोन किमती. रस्त्याच्या पलीकडून वाचता येतं. एक अक्षर जास्त नाही, एक अक्षर कमी नाही. गाडेवाल्यानं टायपोग्राफीचा अभ्यास केलेला नाही. त्याला वाचणारा समोर दिसतो, एवढंच. पाटी वाचून माणूस थांबला नाही तर संध्याकाळी पातेल्यात भात उरतो.

असे गाडे, दुकानं, शाळेच्या भिंती रंगवणारे पेंटर आमच्याकडे चांगले होते. आधी दोरी मारून दोन रेषा आखायचे, त्यांच्यात किती अक्षरं बसतात ते खडूनं मांडून बघायचे, मग ब्रश बुडवायचे. जागा कमी पडली तर मालकाला सांगायचे की शब्द कमी करा. फ्लेक्स आल्यापासून हे सांगणारा माणूस मधून निघून गेला. यंत्र काहीही छापतं. पिवळ्यावर लाल, लालवर निळी किनार, किनारीमागं सावली, सावलीमागं उगवता सूर्य, आणि सगळीकडं शुभेच्छुकांचे चेहरे. त्यात वाढदिवस कुणाचा हे कळलं नाही तरी गावाचं काही अडत नाही, म्हणून त्यावर मी फार बोलत नाही. अडतं तेव्हा, जेव्हा आरोग्य शिबिराचा, लसीकरणाचा, पाणी न येण्याच्या दिवसांचा फलकही त्याच पद्धतीनं निघतो. तारीख चेहऱ्यांच्या मागं जाते.

मराठी अक्षराला जागा जास्त लागते, हे एकदा नीट सांगायला हवं, कारण बहुतेक कागद तिथंच बिघडतात. आपली ओळ तीन मजल्यांची. वर रफार, मात्रा, वेलांटी, अनुस्वार. मधे अक्षराचं अंग. खाली उकार आणि जोडाक्षराचे पाय. 'राष्ट्रकूट' लिहून बघा, तो किती खाली उतरतो. 'वर्षांनी' लिहून बघा, तो किती वर चढतो. वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतला रफार एकमेकांना भिडले की डोळा अडखळतो. इंग्रजी मजकुरासाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर मराठीला जसंच्या तसं लावलं की हे हमखास होतं. आकाराचंही तसंच. वरचे-खालचे मजले त्याच मापात बसवायचे म्हणून पुष्कळ फॉन्टांत बारा पॉइंटचं मराठी अक्षर बारा पॉइंटच्या इंग्रजीपेक्षा बारीक दिसतं. दोन्ही भाषा एका कागदावर, दोन्हींना एकच आकडा दिला, म्हणजे समान न्याय झाला असं टाइप करणाऱ्याला वाटतं. मराठी वाचणाऱ्याच्या वाट्याला बारीक अक्षर येतं.

हे काही नवीन ज्ञान नव्हे. जावजी दादाजी चौधरींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये काढला. त्या छापखान्याचे खिळे इतके देखणे होते की संस्कृत ग्रंथ छापून घ्यायला दूरदूरचे पंडित तिकडं वळले. खिळे जुळवणारे ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालायचे; अक्षरांना श्वास घ्यायला जागा ठेवणं हा कामाचाच भाग होता. बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्रणाक्षरांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला, तो राज्याच्या भाषा संचालनालयानं १९७१ मध्ये काढला. र. कृ. जोशी, जे कवीही होते, त्यांनी रेखलेलं 'मंगल' हे अक्षर विंडोजबरोबर घराघरांत गेलं. मुंबईच्या 'एक टाइप' मंडळींनी 'मुक्त' आणि 'बलू' ही अक्षरं फुकट वापरायला दिली आहेत. म्हणजे शंभर-दीडशे वर्षांची विद्या आहे, अक्षरं आहेत, पैसा लागत नाही. इतकं असून कागद वाचता येत नाही. गरिबीमुळं असं होतं, हे म्हणणं मला कुणी ऐकवू नये.

बारकी एक गोष्ट सांगतो, पण ती मला रोज टोचते. मराठीतल्या 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीहून वेगळी आहेत आणि राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं आपली वर्णमाला आणि वळणं ठरवून दिलेली आहेत. पहिलीतल्या मुलाला आम्ही एक 'ल' गिरवायला लावतो आणि फोनवर त्याला दुसराच 'ल' दिसतो. पुष्कळ फॉन्टांत दोन्ही वळणं असतात. मजकूर मराठी आहे एवढं संगणकाला सांगावं लागतं. तेवढं कुणी सांगत नाही.

आकड्यांचं दुखणं याहून मोठं. एकाच कागदावर मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळतात. मराठी एक आणि इंग्रजी नऊ बारीक छपाईत सारखेच दिसतात. मराठी पाच इंग्रजी चारशी मिळताजुळता. कागद कुठल्या आकड्यांत बोलतोय हे कळेपर्यंत गट नंबर एक की नऊ, यावर दोन भाऊ माझ्या ओट्यावर भांडलेले आहेत. दोन्ही आकडे चांगले. कागदानं कुठला तरी एक धरावा.

सातबाऱ्याबद्दल मात्र मला न्यायानं बोललं पाहिजे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यानं सातबाऱ्याचा नमुना बदलला आणि तो वाचणाऱ्याचा विचार करून बदलला. पूर्वी खातेदारांची नावं एकापाठोपाठ एक वाहत जायची. एकाचं क्षेत्र कुठं संपलं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू झालं, हे तलाठ्यालाच कळायचं. आता दोन खातेदारांच्या मधे रेषा आली. मयत माणसाचं नाव, फिटलेला बोजा, अशा कमी झालेल्या नोंदी पूर्वी नुसत्या कंसात असायच्या. आता त्यांवर आडवी रेघ मारलेली दिसते. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख दिली जाते, प्रलंबित फेरफार असेल तर तोही दिसतो. बदल छोटेच होते. पण तेव्हापासून सातबारा घेऊन माझ्याकडे येणारे कमी झाले, आणि जे येतात ते नेमका प्रश्न घेऊन येतात. सरकारी कागद वाचण्याजोगा करता येतो, हे एकदा सिद्ध झालेलं आहे. म्हणून बाकीच्या कागदांना मी सूट देत नाही.

आमच्या भागात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. निलंगा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता. घराघरांतले जुने कागद उर्दूत आहेत, काही मोडीत आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला लागले, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी किंमत आली. पणजोबाचा कागद हातात, आणि तो वाचायला परका माणूस लागतो, हे तेव्हा साऱ्या मराठवाड्यानं अनुभवलं. त्या कागदाची अडचण मला समजते. राजवट वेगळी, लिपी वेगळी, काळ वेगळा. पण माझ्याकडे येणारा कागद देवनागरीत असतो, मराठीत असतो, गेल्या महिन्यातला असतो. त्यालाही वाचणारा परका माणूस लागावा?

फोनवर येणाऱ्या कागदांची तक्रार थोडक्यात आटोपतो. मोठ्या पानाचं परिपत्रक तिरपं ठेवून फोटो काढतात, त्यात टेबलाची कड आणि कुणाचा तरी अंगठा येतो, तो फोटो गटागटांतून फिरतो. बोटांनी मोठा करायचा, ओळ उजवीकडं सरकवायची, संपली की परत डावीकडं आणायची, तोवर ओळ कुठली होती ते हरवतं. शेवटची तारीख नेहमी शेवटच्या परिच्छेदात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप केलेला असला तर फाइल उघडल्यावर अगम्य चिन्हंच दिसतात. "फॉन्ट उडाला सर," असं मुलं अगदी शांतपणे सांगतात, जणू वारा सुटला होता.

आता ज्या कागदासाठी हे सगळं लिहायला बसलो, त्याकडे येतो. कीटकनाशकाच्या खोक्यातलं माहितीपत्रक.

आमचा तालुका सोयाबीनचा आणि तुरीचा. पावसाळ्यात कृषी सेवा केंद्रासमोर गर्दी असते. बाटलीबरोबर खोक्यात एक घडीचा कागद येतो. उघडत गेलं की उघडतच जातो. कायदा सांगतो की तो असलाच पाहिजे : कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. लेबल आणि पत्रक इंग्रजीत, हिंदीत आणि ज्या भागात माल विकायचा तिथल्या एक-दोन भाषांत हवं, असंही नियमात आहे. कंपन्या पुष्कळदा सगळ्या देशासाठी एकच पत्रक छापतात, म्हणजे एका कागदावर पाच-सहा भाषा बसवायच्या. मराठीच्या वाट्याला हाताच्या पंजाएवढी जागा येते. तेवढ्यात पीक, कीड, मात्रा, पाणी, शेवटची फवारणी आणि काढणी यांतलं अंतर, विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार, उतारा, रिकाम्या बाटलीचं काय करायचं, साठवण, हे सगळं कोंबलेलं. कागद पातळ, मागच्या बाजूची भाषा पुढं उमटलेली. ओळी एकमेकींना चिकटलेल्या. दशांश चिन्ह दिसत नाही. साडेचार आणि पंचेचाळीस यांत त्या एका ठिपक्याचाच फरक असतो.

डोळ्याला दिसलं तरी पुढची अडचण उरतेच. पत्रकात मात्रा हेक्टरी लिहितात. समजा, हेक्टरी १५० मिलि औषध ५०० लिटर पाण्यात. हे अगदी बरोबर असेल. पण शेतात हेक्टर नसतो, एकर असतो. पाचशे लिटरची टाकी नसते, पाठीवरचा पंधरा लिटरचा पंप असतो. शेतकऱ्याचा प्रश्न एकच : "पंपाला किती?" दीडशेला पाचशेनं भागायचं, पंधरानं गुणायचं, मग साडेचार मिलि येतं. हा हिशेब बांधावर उभं राहून, भरून आलेल्या आभाळाखाली, मजूर खोळंबलेले असताना करायचा. आणि एकराला पंप कमी मारले तर तोही चुकतो. म्हणून दुकानात विचारतात, दुकानात उत्तर मिळतं : एका पंपाला एक टोपण. टोपण कुठल्या बाटलीचं, हे विचारायचं राहतं. टोपणं लहान-मोठी असतात.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. कारणं पुष्कळ होती. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणं, अंगावर संरक्षक कपडे नसणं. सगळं पत्रकावर ढकलणं चूक होईल. पण हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेनं फवारा, अमुक दिसलं तर तडक दवाखान्यात न्या, हे प्रत्येक खोक्यात छापलेलं होतंच. लिहिलंय की तिथं. तिथंच होतं, घडीच्या आत.

या कागदांच्या जगात एक गोष्ट कुणीतरी फार शहाणपणानं केलेली आहे. बाटलीवर टोकावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो : लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल सर्वांत जहाल, हिरवा त्यामानानं सौम्य. एक अक्षर न वाचता कळावं म्हणून केलेली ही खूण. पण तिचा अर्थ सांगायची तसदी फार थोडे घेतात. मी विचारून बघितलं आहे. बरेच जण लाल म्हणजे चांगलं, जोरदार औषध असं समजतात. खूण चांगली आहे, ती शिकवायला हवी, दुकानाच्या भिंतीवर हातभर मोठी काढून.

अक्षराच्या आकाराकडे राज्याचं लक्ष नाही असंही म्हणता येत नाही. दुकानांच्या पाट्यांवर मराठी हवं आणि ते इतर भाषांपेक्षा लहान नको, अशी दुरुस्ती २०२२ मध्ये कायद्यात झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना ती पाळायला दोन महिन्यांची मुदत दिली. मला ती दुरुस्ती मान्य आहे, मराठी मोठी दिसलीच पाहिजे. पाकीटबंद वस्तूंवरची अक्षरंही ग्राहकाला सहज वाचता यावीत म्हणून नियम बदलले आणि ते १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. दुकानाचं नाव वाचायला मराठी अक्षराचं माप ठरवता येतं, तर विषाच्या बाटलीबरोबरच्या मराठीचंही ठरवता येईल. एका राज्यासाठी वेगळं पत्रक छापायला कंपनीला कागद कमीच लागेल.

इतके कागद वाचल्यावर माझ्या ध्यानात एक गोष्ट आली आहे. हे कागद वाचणाऱ्यासाठी काढलेलेच नसतात. पत्रिका तिच्यात ज्यांची नावं आहेत त्यांच्यासाठी असते. फ्लेक्स शुभेच्छुकांसाठी असतो. पत्रक तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी असतं; त्याला सगळे मुद्दे आहेत की नाहीत एवढंच बघायचं असतं. ज्याच्यासाठी असायला हवं, तो माणूस कागद तयार होताना खोलीत नसतो.

हे बदलायचं तर हाताशी आहे तिथून सुरुवात करावी म्हणून आमच्या गल्लीच्या अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका मी करायला घेतली. जुनी पत्रिका समितीनं दिली. चारही कडांना महाराजांचे फोटो, मधे सात दिवसांचे सात चौकोन, प्रत्येकात काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन पुन्हा पुन्हा छापलेलं, उरलेल्या जागेत अन्नदात्यांची, मंडपाची, ध्वनिक्षेपकाची नावं. आज कीर्तन कुणाचं, हे शोधायला वेळ लागायचा. पत्रिका हातात असून लोक फोन करून विचारायचे.

डीटीपीच्या दुकानातल्या पोराबरोबर बसलो. रोजचा कार्यक्रम रोज तोच असतो, म्हणून तो एकदाच वर घेतला. खाली तक्ता : वार, तारीख, कीर्तनकार, पंगत कुणाची. सोळा पॉइंटचं अक्षर, पांढऱ्यावर काळं, ओळींमध्ये मोकळी जागा. आकडे सगळे मराठी. काल्याचं कीर्तन शेवटी वेगळ्या ओळीत, कारण त्या दिवशी वेळ बदलते आणि माणसं चुकतात. देणगीदारांची सगळी नावं मागच्या पानावर, एकही न गाळता.

पोराला पान बघून काळजी वाटली. "सर, रिकामं दिसतंय हो. लोक म्हणतील, पैशे तेवढेच घेतले अन् कागद कोरा सोडला." त्याचं खोटं नव्हतं. मोकळी जागा म्हणजे वाया गेलेला पैसा, असंच गिऱ्हाईक मोजतं. म्हणून तो पोरगा दिवसभर प्रत्येक कोपऱ्यात फूल, दिवा, मोरपीस बसवत असतो. त्याला मी ज्ञानेश्वरीचं पान दाखवलं, समास किती सोडलाय ते पट्टीनं मोजायला लावलं. मोजून झाल्यावर त्यानं आपणहून दोन फुलं काढली.

समितीत मात्र बोलणं झालं. "आमचं नाव मागं कामून टाकलं, सर? दरसाल पुढं असतंय." विचारणारे वडीलधारे होते, दरवर्षी एका पंगतीचा खर्च करणारे. मी त्यांना जुनी पत्रिका दिली आणि म्हटलं, आप्पा, तुमचं नाव काढून दाखवा. ते बराच वेळ शोधत राहिले. मग नवीचं मागचं पान दिलं. नावं गल्लीवार, ओळीनं, एकाखाली एक. लगेच सापडलं. ते काही बोलले नाहीत, पण पत्रिका तशीच छापली. तक्ता फाडून लोकांनी भिंतीला लावला. कीर्तनाचे फोन यंदा फारसे आले नाहीत.

आता तोच पोरगा आणि मी फवारणीचा तक्ता करतो आहोत. एका कृषी सेवा केंद्राच्या मालकानं काउंटरच्या बाजूची भिंत द्यायचं कबूल केलं आहे. रांगेत उभं राहून हातभर अंतरावरून वाचता यावं, एवढं अक्षर. पहिल्या रकान्यात कीड, दुसऱ्यात औषध, तिसऱ्यात, सगळ्यात मोठ्या अक्षरात, पंधरा लिटरच्या पंपाला किती मिलि आणि एकराला पंप किती. शेजारी त्या औषधाच्या चौकोनाचा रंग. खाली विषबाधेची लक्षणं आणि काय करायचं. दशांश कुठंच नको. साडेचार असेल तर 'साडेचार' असं अक्षरांत लिहायचं. दुकानदारानं प्रत्येक बाटलीबरोबर प्लास्टिकचं मापही द्यावं, असं मी त्यांना सांगितलं आहे. त्यावर ते अजून विचार करत आहेत.

आकडे मात्र मी स्वतः भरणार नाही. ते कृषी सहायकांनी तपासून, खाली सही करून दिले पाहिजेत, कारण पंप एकराला किती मारायचे यावर मात्रा फिरते आणि तो निर्णय मराठीच्या मास्तरचा नव्हे. चौकटी आखून झाल्या आहेत, रकाने मोकळे ठेवले आहेत, कागद त्यांच्याकडे पोचता केला आहे. सोयाबीनवर पहिली फवारणी जुलैत सुरू होते. तक्ता त्याच्या आत भिंतीवर लागायला हवा.